डाव्या बाजूचं पीठ

मित्रांनो, पाड्यावरची सगळी माणसं मला जुना खुराडा म्हणतात. पण खरं सांगायचं तर मी अर्धाच जुना आहे. माझी उजवी बाजू तेवीस वर्षांची आणि डावी अवघ्या दीड महिन्याची. सगळ्यांना वाटतं, म्हातारपण उजवीकडे असेल आणि जोर डावीकडे. मलाही तसंच वाटत होतं. घात झाला तो तिथेच.

पोशेरे गावाच्या पुढे उतार लागला की आमचा पाडा येतो. पाड्याच्या टोकाला सकूचं घर आणि त्या घराच्या अंगणात, मोहाच्या झाडाखाली, गुडघाभर उंचीच्या चार खांबांवर मी उभा आहे.

मला बुध्याने घडवलं. बुध्या म्हणजे सकूचा सासरा. आता त्याचे डोळे पार गेलेत, दिवसभर ओट्यावर बसून असतो. पण तेव्हा त्याच्या नजरेतून बांबूचं एक पेर सुटत नसे. चांदणं असलं की तो बांबूला हात लावायचा नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "चांदण्यात बांबूच्या अंगात पाणी चढतं. बांबू गोड होतो. गोडाला भुंगा लागतो. अमावस्येचा बांबू कडू, त्याला कोण खातं?"

माझा बांबू त्याने माघातल्या अमावस्येला तोडला. वर पंधरा दिवस ओढ्यात दगडाखाली बुडवून ठेवला. अगं आई, काय तो गारठा! बाहेर काढलं तेव्हा माझ्या अंगाला असा वास सुटला होता की बुध्याच्या बायकोने, लाडकीने, नाकाला पदर लावला. "यात कोंबड्या ठेवायच्या का मासं?" असं ती म्हणाली आणि बुध्या पोट धरून हसला. मग त्याने कोयत्याने माझ्या कामट्या काढल्या, पळसाच्या मुळांच्या दोरीने घट्ट विणल्या, खाली विष्ठा पडून जावी म्हणून तळाला बारीक फटी ठेवल्या आणि समोर लाकडी खिटीचं दार बसवलं.

माझी चांगली वर्षं लाडकीच्या हातची. रोज सकाळी ती खिटी काढायची, कोंबड्या एकेक करून उड्या मारायच्या आणि ती प्रत्येकीला नावाने शिव्या घालायची. पाड्यावरच्या बायका येऊन माझ्या कामट्या वाकवून बघायच्या आणि घरी जाऊन नवऱ्यांना टोमणे मारायच्या, "शिक जरा बुध्याकडून." वीस वर्षांत माझ्यातून एकही पिल्लू कोणी पळवलं नाही. हे मी मिरवायला सांगत नाही. बरं, मिरवायलाच सांगतो.

मग एका उन्हाळ्यात कोंबड्यांची मानमोडीची साथ आली. तीन दिवसांत अकरा कोंबड्या माना टाकून गेल्या. पुढच्याच वर्षी लाडकीही गेली. त्यानंतर मी रिकामाच. माझ्यात सरपण भरलं, मोडका विळा टाकला, माझ्या खांबाला शेळी बांधली. एका वादळात मोहाची फांदी पडून माझी डावी बाजू चेंदली गेली, तरी कोणी वळून पाहिलं नाही. वाईट वाटलं, मित्रांनो. कामाचा होतो तोवर लोक वाकून बघत, आता शेळीही माझ्याकडे पाठ करून बसायची.

घरच्यांवर तरी काय रागवायचं? ती घरी असायचीच कुठे! आमच्याकडे दिवाळी झाली की टेम्पो येतो आणि माणसं जगायला जातात. जगायला जाणं, असंच म्हणतात इकडे. सकू आणि तिचा नवरा देवजी दरसाल वीटभट्टीवर जायचे, ते थेट पावसाच्या तोंडाला परतायचे. गेल्या खेपेला सोबत तान्ही मीना होती. भट्टीच्या धुरात ती पोर खोकायला लागली ती लागलीच. गावी परतल्यावर अंगणवाडीच्या काट्यावर तिला टांगली, तर बाईंनी दोनदा काटा बघितला आणि सकूच्या खांद्यावर हात ठेवला. वावर गावाच्या बाजूला कोणे एके काळी किती पोरं अशीच भुकेने वाळून दगावली, हे इकडच्या प्रत्येक आईला ठाऊक असतं. त्यावर कोणी बोलत नाही, इतकंच.

त्याच दिवशी सकू अंगणात उभी राहून देवजीला म्हणाली, "यंदा मी टेम्पोत बसायची नाय. पोरीला त्या धुरात परत नेणार नाय."

"मंग खायाचा काय?"

"कोंबड्या पाळंन. बचत गटात पिल्लं देतात. पोरीला रोज अंडा मिळंल."

देवजीने मान खाजवली. वाईट माणूस नाही तो, पण त्याला भूक ठाऊक आहे. "जगली कोंबडी तं राहा," तो म्हणाला. "नाय जगली तं दिवाळीला गुमान चल." एवढं ठरलं. म्हणजे, मित्रांनो, मीनाचं वर्ष कसं जाणार हे माझ्या कामट्यांवर येऊन ठेपलं, आणि माझी अर्धी बाजू तर जमिनीला टेकलेली.

गौरीला सकूचा धाकटा दीर पंकज ठाण्याहून तीन दिवसांची सुट्टी काढून आला. वहिनीवर त्याचा फार जीव. गौरीच्या नाचात अर्धी रात्र घालवून, दुसऱ्या दिवशी कोयता घेऊन तो थेट बांबूच्या बेटात शिरला. कोयत्याचा आवाज ऐकून ओट्यावरचा बुध्या ताठ बसला.

"कोण तोडतं रे बांबू? आज तिथ कोनती?"

"मीच, बाबा. वहिनीचा खुराडा बनवतो."

"गौरीच्या चांदण्यात? अमावस येऊं दे. पिल्लांना खुराडा लागायला अजून महिना हाय."

"तवर माझी सुट्टी कुठं? अरे बाबा, तिकडं वीस-वीस मजल्याच्या बिल्डिंगी उठतात, कोन अमावस बघत बसतं? टेन्शन नको घेऊ."

"बिल्डिंगीला भुंगा लागत नाय," बुध्या म्हणाला. "तोडलास तं तोडलास, निदान पान्यात तं घाल."

पंकज हसला. त्याने एका दिवसात माझी डावी बाजू नवी केली, नायलॉनच्या दोरीने बांधली आणि दुसऱ्या सकाळी निघून गेला. त्याला दोष देऊ नका. हाताला फोड येईस्तोवर राबला होता तो. आणि काय दिसत होती ती बाजू! हिरवीगार, तुकतुकीत! शेजारणी पुन्हा येऊन बघू लागल्या. लाज वाटते सांगायला, पण मी फुशारलो. बुध्या काय म्हणाला ते मी अगदी विसरून गेलो.

चार दिवसांनी साठ पिल्लं आली. एक दिवसाची, मुठीत मावतील अशी. आत घरात कोपऱ्याला गटाच्या पत्र्याचं गोल कडं केलं, खाली भाताचं तूस पसरलं, वर बल्ब टांगला. दाराच्या फटीतून मला तो पिवळा उजेड दिसायचा. वीज तर इकडची, आली तर आली! गेली की सकू मडक्यात निखारे घालून मधोमध ठेवायची आणि हाताची मागली बाजू तुसाजवळ नेऊन ऊब बघायची. पिल्लं एकमेकांवर चढली म्हणजे गारठलीत, लांब पांगली म्हणजे उकडतंय, हे तिला पशुसखीने, म्हणजे गावोगाव जाऊन कोंबड्या-शेळ्या तपासणाऱ्या योगिताताईने, शिकवलं होतं. योगिताताई दर आठवड्याला स्कूटीवर येई. पाच आठवड्यांत साठातली तीनच पिल्लं गेली. ताई म्हणाली, "सकू, अख्ख्या गटात असं कोणाचं नाही जमलं!" सकूने तोंडावर पदर घेतला, पण डोळे हसत होते.

इकडे माझ्या अंगात मात्र काहीतरी चाललं होतं. आधी मला वाटलं, डाव्या कामट्या वाळतायत म्हणून कुरकुरतात. ओला बांबू वाळला की आक्रसतो; दोऱ्या सैल पडल्या होत्या. पण वाळण्याचा आवाज दुपारी येतो. हा आवाज सतत येत होता. किर्र, किर्र, अगदी बारीक. मग एका सकाळी माझ्या डाव्या अंगाखाली जमिनीवर चिमूटभर पिवळसर पीठ पडलं. दुसऱ्या दिवशी मूठभर. मला आतून कोणीतरी दळत होतं.

आणि त्याच सुमाराला ते आलं.

मुंगूस. भर दुपारी, माणसं शेतावर गेली की बांधावरून यायचं. आधी माझ्या उजव्या बाजूला भिडलं. नखं मारली, दात लावले. कडू बांबू तो! पाय घसरला त्याचा. मग मला फेरी मारून डावीकडे आलं आणि एका कामटीवर नख टेकवलं. नख आत गेलं. मुंगूस थांबलं, माझ्याकडे बघितलं आणि आल्या वाटेने निघून गेलं. त्या दिवसापासून ते उजवीकडे गेलंच नाही. खुराडा अजून रिकामा होता, तरी रोज यायचं, डाव्या बाजूला एकदा हुंगायचं आणि जायचं. त्याला कसलीच घाई नव्हती.

एकदा सकूने त्याला पाहिलं. मला वाटलं, सुटलो! आता ही ओळखेल. पण तिने काय करावं? विळा खाली ठेवला आणि हात जोडले. मुंगूस दिसणं म्हणजे शुभशकुन ना! "बाबा, मुंगूस आडवा गेला," ती आनंदाने ओट्याकडे ओरडली, "यंदा आपला चांगला व्हनार." मला वाचा असती तर मी बोंब मारली असती, मित्रांनो.

पिल्लांच्या अंगावर पिसं भरली. घरात दाटी झाली, वास नाकात बसू लागला, आणि मीना पुन्हा खोकू लागली. योगिताताईने आत डोकावून सांगितलं, "आता बाहेर काढायला हवीत. उद्यापासून दिवसा बल्ब बंद. मग रात्रीही बंद. सवय झाली की चौथ्या दिवशी खुराड्यात. आणि पहिले चार दिवस बाहेर सोडायची नाहीत, घर ओळखू दे त्यांना."

मग ती मला तपासायला आली. तिने उजवी बाजू अंगठ्याने दाबली, हलवली, कपाळाला आठी घातली. "ही बाजू फार जुनी झाली गं. जाळी मारून घे." सकूकडे तारेची जाळी होती ती एका बाजूपुरती. तिने ती ठोकली. उजवीकडे. जिथे देवाच्या दयेने काहीच गरज नव्हती, तिथे दोघींनी मिळून पंधरा खिळे मारले. डावीकडे ताईने नुसता हात फिरवला. "ही तर नवीच आहे," ती म्हणाली. खालचं पीठ सकूने पाहिलं, पण आदल्या दिवशीच तिने तिथे कोंबड्यांचं खाद्य चाळलं होतं. तेच सांडलं असेल, असं समजून तिने झाडूने लोटून दिलं.

कोजागिरी होऊन गेली आणि तिसऱ्या सकाळी सत्तावन्न पिल्लं माझ्यात आली. सकू एकेकाला दोन्ही हातांत धरून आणत होती. पत्र्याचं कडं गटातल्या पुढच्या बाईकडे रवाना झालं. किती वर्षांनी माझ्या तळावर पावलं वाजली! इवल्या नख्या, ऊब, चिवचिवाट. खरं तर मी सुखावून जायला हवं होतं. पण मला नुसती भीती वाटत होती. प्रत्येक पिल्लू डाव्या बाजूला टेकलं की कामटी किंचित आत दबायची.

पहिला दिवस गेला. दुसरा गेला. मुंगूस आलंच नाही. तेही मला बरं वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी भात कापायला सगळा पाडा ओढ्यापलीकडे गेला. घरी उरले बुध्या आणि मीना. ऊन माथ्यावर आलं, शेळीसुद्धा सावलीला गेली. मीना डुलत डुलत माझ्याजवळ आली, खाली बसली, दोन्ही मुठींत ते पिवळं पीठ भरलं आणि ओट्याकडे गेली. आजोबाच्या हातावर तिने ते ठेवलं. "पीथ," ती म्हणाली.

बुध्या हसला. "कुठला गं पीठ?" त्याने ते बोटांत चोळलं. मग हसू थांबलं. त्याने नाकाशी नेलं. जिभेच्या टोकाला लावलं.

"गोड हाय," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

त्याच घडीला माझ्या डाव्या अंगात कट्ट झालं. एक कामटी, मग दुसरी. मुंगसाने जोरही लावला नाही. आतून पोकळ झालेलं ते लाकूड पापडासारखं चुरलं आणि ते आत शिरलं. आत काय झालं ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही लहान आहात. एवढंच सांगतो की भूक एका पिल्लाची होती आणि ते एकावर थांबलं नाही.

"सकू! ए सकू!" बुध्या ओरडत होता. ओढ्यापलीकडे कोण ऐकणार? काठी न घेताच तो उठला. ओट्यावरून पडला, पुन्हा उठला आणि पिल्लांच्या किंचाळण्याच्या रोखाने हात पुढे करून आला. चाचपडत त्याने भोक शोधलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला. ज्या हाताने मला विणलं तोच हात, मित्रांनो, इतक्या वर्षांनी पुन्हा माझ्या अंगात आला. मुंगूस त्याला कडाडून चावलं. त्याने हात काढला नाही. शेवटी तेच त्याच्या दंडावरून उडी मारून बाहेर पळालं.

मग बुध्या वळला, जमिनीवर बसला आणि भोकाला पाठ लावली. मीनाला हाका मारून मांडीवर घेतलं. मुंगूस गेलं नव्हतं. गवतात सळसळ करत ते आमच्याभोवती फिरत होतं. सळसळ ज्या बाजूला व्हायची त्या बाजूला बुध्या मान वळवायचा आणि दगडाने खांबावर ठोकायचा. हातातून रक्त ठिबकत होतं. सावल्या लांब झाल्या तरी तो तसाच बसून होता.

दिवस कलला तेव्हा सकू आली. डोक्यावरचा भारा तिने तिथेच टाकला. आधी पोरीला चाचपली, मग सासऱ्याचा हात पदराने बांधला, मग खिटी काढून मोजलं. दोनदा मोजलं. एकोणचाळीस. ती माझ्या खांबाला धरून मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडली.

"तुम्ही सांगितला होता बाबा," ती म्हणाली. "आम्ही ऐकला नाय."

"मी बी एकदाच बोललो गं," बुध्या म्हणाला. "म्हाताऱ्याने दहादा बोलायला पायजे होता. गप बसलो."

देवजीने चुरलेली कामटी उचलून बघितली. मग म्हणाला, "एकोणचाळीस राहिली तं राहा तू. आनखी कमी झाली तं चल." घरात परत घ्यावी तर मीनाचा खोकला. म्हणून त्यांनी माझं भोक लाडकीच्या जुन्या सुपाने बुजवलं, वर बोरीच्या काट्या बांधल्या. हाताशी होतं ते केलं. पण बाकीच्या डाव्या कामट्या अजून तशाच आहेत. आतून किर्र किर्र थांबलेली नाही.

अमावस्येला आता नऊ दिवस आहेत. त्या दिवशी देवजी बांबू तोडणार आहे, बुध्या शेजारी बसून सांगेल तसा. त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टेम्पो येईल. सकूने बुध्याच्या ओट्यावर दिवसाला एक असे खडे मांडून दिलेत, त्यातले नऊ उरलेत. रोज सकाळी तो एक खडा चाचपून बाजूला टाकतो, आणि ऊन चढलं की मीनाचं बोट धरून माझ्याकडे येतो.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. जुनं तुम्ही अंगठ्याने दाबून बघता, तसं नवंही बघा. आणि तुमच्या घरच्या ओट्यावर कोणी दिवसभर गप्प बसून असेल, तर जा आणि त्याला विचारा, काय म्हणत होतास म्हणून. तो एकदाच बोलला असेल.

आता दुपार झाली आहे. माणसं शेतावर आहेत. बांधावर मुंगूस येऊन बसलंय, आणि बुध्याने माझ्या डाव्या बाजूला पाठ लावली आहे.